पीक डिस्ट्रिक्टला जायचं ठरलं तेव्हा

माझ्या मेहुण्यांनी ताईच्या तोंडून पहिल्यांदा इंग्लंडचं नाव ऐकलं तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा तांब्या होता. तो त्यांनी तिच्या तोंडावर फेकला. तांब्याची कड भुवईवर बसली, भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरल्यामुळे ताईला पुढचं काही दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. ते म्हणाले, "आता जा. एका डोळ्याने बघ डोंगर."

हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, धायरीला माझ्या स्वयंपाकघरात, पोहे खाता खाता. हडपसरहून बस बदलून आली होती. कपाळाला पट्टी, डोळ्याखाली निळं-जांभळं, आणि साडीऐवजी चक्क पंजाबी ड्रेस. बशी धुऊन पालथी घातली आणि म्हणाली, "चल. चालायला जायचंय ना?"

ताई माझ्याहून मोठी. भाऊजी एका कारखान्यात सुपरवायझर होते, आता निवृत्त. बाहेर अतिशय गोड माणूस. सोसायटीच्या गणपतीत आरतीला पुढे, कोणाच्या घरी मयत झाली तर सामान आणायला पहिले. घरात मात्र हात चालायचा. कारखान्यात बोलणी खाल्ली, मार. भाजी अळणी झाली, मार. मॅच हरली तरी मार. माझं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते हसले, मला चहा विचारला, आणि मी गेल्यावर ताईला पट्ट्याने मारलं. पुढे वर्षभर तिने मला घरी येऊ दिलं नाही. "तू बोलतेस आणि भरते मी," ती म्हणाली. तेव्हापासून त्या घरात काय बोलायचं आणि काय नाही हे तीच ठरवायची.

इतकं होऊनही मी त्यांना 'अहो भाऊजी' म्हणते. माझ्या नवऱ्याला, ज्याने कधी मुंगीवर पाय दिला नाही, त्याला मी अरे-तुरे करते. कॉलेजातली ओळख. जिभेला जे वळण लागतं ते लागतं.

बेत माझ्या लेकीने काढला. ती मँचेस्टरला फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या घरापासून जवळच तो सगळा डोंगराळ प्रदेश सुरू होतो, राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला. मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर समोच्च रेषा काढून काढून खडू संपवले, आणि स्वतः कधी महाबळेश्वरच्या पलीकडे गेले नाही. लेक फोनवर म्हणाली, "आई, या उन्हाळ्यात ये. तुझ्या त्या रेषा एकदा पायाखाली घेऊन बघ. आणि मावशीला आण."

मला वाटलं होतं ताई नाही म्हणेल. मी तिला पार्कचं नाव सांगितलं, पीक डिस्ट्रिक्ट.

"पीक? कसलं पीक?"

"पीक म्हणजे तिकडच्या भाषेत शिखर."

"मग पिकतं काय तिथे?"

"गवत. आणि मेंढ्या."

"वर देऊळ आहे?"

"नाही गं."

"मग वर जाऊन करायचं काय?"

"वर जायचं, बघायचं, डबा खायचा, खाली यायचं."

मग म्हणाली, "वर कोणाला काही वाढायचं नाही?"

"नाही."

"येते."

नवऱ्याला विचारून सांगते, असंसुद्धा म्हणाली नाही. पासपोर्ट होता. तिच्या मुलाने दुबईला न्यायचं म्हणून दोघांचे काढून ठेवले होते, ती सहल काही झाली नाही आणि पासपोर्ट भाऊजींच्या कपाटात कुलपात पडले होते. माझा नवरा हे सगळं ऐकून म्हणाला, "तिकडे सारखा पाऊस असतो म्हणे. पण तुझ्या बहिणीला चालेल. तिच्या घरी त्याहून वाईट हवामान आहे."

तर त्या दिवशी, कपाळाला पट्टी बांधलेली, ती माझ्याबरोबर धायरीच्या मागच्या टेकडीवर चढली. लेकीने सांगितलं होतं, तिकडे दिवसभर चालावं लागेल, आतापासून सवय करा. ताई चालायची ती भाजीला आणि गिरणीत. नुसतं चालायचं म्हटल्यावर तिला हातांचं काय करावं कळेना. शेवटी तिने ते पाठीमागे बांधले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे.

वर एक बाई शेळ्या राखत होती. आम्हाला बघून म्हणाली, "काय हरवलंय व्हय?"

"नाही," मी म्हणाले, "चालतोय नुसत्या."

"कशापायी?"

ताई म्हणाली, "परदेशी जायचंय डोंगर चढायला. म्हणून सवय."

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. पट्टी पाहिली, डोळा पाहिला. "मालकानं मारलं व्हय?"

ताईने आजवर शेजाऱ्यांना मोरीत घसरल्याचं सांगितलं होतं, डॉक्टरांना दार लागल्याचं, आमच्या आईला तर मरेपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. त्या अनोळखी बाईला ती म्हणाली, "हो."

"दगुड न्हाई व्हय घरात?" बाई म्हणाली, आणि शेळीमागे गेली.

खाली उतरेपर्यंत ताई हसत होती. मध्येच थांबायची, पोट धरायची, परत हसायची. पट्टीतून ओलं रक्त आलं तरी हसणं थांबेना. मला ते हसणं आवडलं नाही.

पुढचे काही आठवडे ती जमेल तशी यायची. आम्ही खडकवासल्याच्या बाजूलाही जायचो, पाण्याच्या कडेकडेने. लेक व्हिडिओ कॉलवर नकाशा दाखवायची. दगडावर दगड रचलेल्या, चुना-मातीशिवायच्या भिंती मैलोन्‌मैल. भिंत ओलांडायला पायऱ्या. फाटक उघडलं तर मागे लावायचं, नाहीतर मेंढ्या पळतात. एका बाजूला काळ्या खरबरीत दगडाचा लांबच लांब कडा, दुसरीकडे चुनखडीच्या पांढऱ्या घळी. माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकातली आकृती हलायला लागायची. ताईला मात्र कड्याचंच आकर्षण. "वरून खाली बघता येतं?" विचारायची. "अगदी काठावर जाऊन?"

लेक म्हणायची, "मावशी, काठावर वारा फार असतो."

"असू दे."

प्रत्येक वेळी ती येताना अंगावर काहीतरी नवं घेऊन यायची. मनगटावर बोटांचे व्रण. कानामागे सूज. एकदा केस ओढून टाळूवरचा एक पुंजका उपटला होता, तिथे रुपयाएवढी गुळगुळीत लाल जागा. मी म्हणाले, "ताई, बेत सोडून देऊ या. हे जिवावर बेततंय."

"बेत नव्हता तेव्हा काय होतं?" ती म्हणाली. "तेव्हा उगीच मार खायचे. आता निदान कशासाठी ते माहीत आहे."

मग बूट. लेकीने बजावलं होतं की डोंगरात चालायचे बूट इथूनच घ्या आणि रोज घालून मऊ करा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड येतील. आम्ही दुकानात गेलो. घोट्यापर्यंत येणारे, जाड तळाचे, मातकट रंगाचे बूट ताईने घातले आणि आरशासमोर उभी राहून एक पाय जमिनीवर जोरात आपटला. दुकानदार दचकला. तिथेच आम्ही दुमडता येणारी एक काठीही घेतली, उतारावर गुडघ्याला आधार म्हणून. काठी माझ्याकडे राहिली. बूट ताईने घरी नेले.

ती स्वयंपाक करताना बूट घालायची. भाऊजी दुपारी झोपायचे तेव्हाच. त्या दिवशी ते लवकर उठले.

काय झालं ते मला त्यांच्या शेजारीणबाईंनी फोनवर सांगितलं आणि बाकीचं नंतर ताईने. ओट्यासमोर बूट घालून उभी असलेली बायको बघून ते आधी काही बोललेच नाहीत. तिला खाली बसवलं, स्वतः वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले. ताईला वाटलं, आज काहीतरी वेगळं आहे. मग त्यांनी विळी ओढली, उकिडवे बसले, आणि भोपळा चिरावा तसा एक-एक बूट विळीवर दाबून चिरला. जाड तळ चिरेना तेव्हा विळीवरून निसटून स्वतःचा अंगठा कापला. ते रक्त बघून खरे पेटले. जाऊन आपले कारखान्यातले जुने बूट घालून आले, पुढे लोखंडी टोपी असलेले. "चालायचंय ना तुला?" म्हणाले. "चाल." आणि तिच्या उघड्या उजव्या पावलावर सगळ्या वजनानिशी उभे राहिले. उतरले, परत उभे राहिले. ती ओरडली तशी तिच्या तोंडात चिरलेल्या बुटाचा तुकडा कोंबला.

शेजारीणबाईंनी दार वाजवून वाजवून उघडायला लावलं, आणि त्यांच्या मुलाने ताईला उचलून खाली रिक्षात घातलं. आम्ही दोघं पोचलो तेव्हा ती हॉस्पिटलात खुर्चीवर बसली होती आणि पाऊल असं सुजलं होतं की बोटं कुठे संपतात ते कळत नव्हतं. तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती.

"कसं झालं?"

"गॅसचा सिलिंडर पडला," ताई म्हणाली.

डॉक्टरणीने पाऊल उजेडात धरलं. "काकू, सिलिंडरला बुटाच्या तळाची नक्षी असते का?"

ताईने पाऊल मागे घेतलं. मग म्हणाली, "हाडं किती मोडलीत?"

"बोटं आणि वरचं एक. प्लॅस्टर घालावं लागेल. आणि पोलिसांना कळवावं लागेल मला."

"कळवू नका. जूनमध्ये मला चालायला जायचंय. तोपर्यंत बरं होईल का, तेवढं सांगा."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं, जणू ताईचं डोकंही तपासायला हवं. पण ती म्हणाली, "होईल. पण परत त्याच घरी गेलात तर नाही होणार." तिने कळवलंच. पोलीस आले तेव्हा ताई त्यांना सिलिंडरच सांगत राहिली.

तिला आम्ही धायरीला आणलं. बाहेरच्या खोलीत दिवाण टाकून दिला. ती वॉकर धरायची नाही, म्हातारी दिसते म्हणून. माझ्याकडची ती डोंगरातली काठी घेऊन एका पायावर घरभर ठकठक करायची. लेकीने बेत बदलला. सपाट वाटा शोधल्या, तलावाभोवतीच्या, जुन्या रेल्वेमार्गावरच्या, जिथे चाकाची खुर्चीसुद्धा जाते. ताईने ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. "तिला सांग, मला पांगळ्यांची वाट नको." लेक तिकडे रडली. ताईला रडणं सहन व्हायचं नाही, ती खोलीतून निघून गेली.

भाऊजींचे फोन यायचे. आधी गोड. मग शिव्या. मग परत गोड. माझा नवरा फोन उचलायचा आणि म्हणायचा, "आपला नंबर लागला आहे, पण इथे कोणी आपल्याशी बोलू इच्छित नाही." आणि ठेवून द्यायचा. तो असल्या गोष्टी अगदी शांतपणे करतो.

मार्चमध्ये एका दुपारी बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं.

"तिला पाठवा," भाऊजी म्हणाले.

"त्या झोपल्यात. आत या, पाणी घ्या, बसून बोलू."

त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का दिला. माझा नवरा किडमिडीत माणूस. तो मागे गेला तो चपलांच्या कपाटाच्या कोपऱ्यावर डोकं आपटून खाली बसला. चष्मा फुटला, कान फाटला. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि भाऊजींचा शर्ट मागून धरला. त्यांनी कोपर मागे मारलं, ते माझ्या छातीच्या बरोबर मध्ये बसलं. श्वासच बंद झाला. मी भिंतीला टेकून खाली घसरत गेले आणि तिथून बाकीचं सगळं पाहिलं, तोंड उघडं, आवाज नाही.

ते दिवाणाकडे गेले. ताई जागी झाली होती. त्यांनी तिची वेणी मनगटाभोवती गुंडाळली आणि ओढलं. ती दिवाणावरून खाली आली, प्लॅस्टरचा पाय फरशीवर धाडकन आदळला. काठी उशाशी होती, ती तिच्या हातात तशीच राहिली. वेणीला धरून ते तिला दाराकडे ओढत होते, आणि बोलत होते ते एकच, "चल घरी. चल घरी. चल घरी."

दाराजवळ आल्यावर तिने काठी त्यांच्या नडगीवर मारली.

जोरात नव्हती. पण त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी वेणी सोडली आणि वाकून नडगीकडे पाहिलं. ताई फरशीवर बसलेली. तिने दोन्ही हातांनी काठी धरली आणि खालून वर, मग वरून खाली आणली. खांद्याजवळ, मानेच्या मुळाशी बसली. पाट्यावर खडीसाखर फोडताना येतो तसा आवाज आला. ते गुडघ्यावर आले. तिने परत मारलं. पाठीवर, दंडावर, कानशिलावर. ते "अगं, अगं" करत होते. मग "आई गं." काठी वाकली तरी ती थांबली नाही. तिच्या नाकातून श्वास ऐकू येत होता, फक्त तोच.

नवरा कानावर हात धरून ओरडला, "ताई, पुरे! मरेल तो!"

"मरू दे," ती म्हणाली आणि आणखी एक मारली.

माझा श्वास परत आला होता. मी उठू शकत होते. उठले नाही. मनात म्हणत होते, अजून एक. अजून एक. मी देवभोळी बाई, मुलांना फूटपट्टीनेसुद्धा कधी मारलं नाही, आणि मला त्या क्षणी इतका आनंद झाला की अंगावर काटा आला.

मग तिचा दम संपला. काठी सोडून ती तशीच दाराला टेकून बसली. भाऊजी कुशीवर पडले होते, डावा हात विचित्र लोंबत होता. पाणी मागत होते. पाणी मीच नेलं.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्यांचा मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. आम्हाला वाटलं, आता ते तक्रार करणार, ताईला पोलीस नेणार. मी तर तिची बॅग भरायला घेतली, काय घालावं ते न कळून स्वेटर भरला. पण दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला: बाबांनी डॉक्टरांना सांगितलंय, जिन्यावरून पडलो. बायकोने मारलं हे त्यांच्याच्याने सांगवेना.

ताई म्हणाली, "बघ की. खोटं कसं बोलायचं ते माझ्याकडूनच शिकले." आणि म्हणाली, "आता मी तक्रार करते."

माझ्या नवऱ्याने कानाला टाके पडलेल्या अवस्थेत तिला स्कूटरवर बसवून पोलीस चौकीत नेलं. प्लॅस्टरचा पाय बाहेर काढून ती मागे बसली होती. तिने सगळं लिहून दिलं, पट्ट्यापासून विळीपर्यंत. स्वतः मारलं तेही. हवालदारबाई म्हणाल्या, "ते कशाला सांगता, काकू?" ताई म्हणाली, "घडलंय ते."

भाचा आला तो तक्रार मागे घ्यायला लावायला. आयटीत आहे, चांगला शिकलेला, लहानपणी आजारी पडला की माझ्या मांडीवर झोपायचा. तो खुर्चीवर बसला नाही, येरझाऱ्या घालत बोलला. "मावशी, धिस इज टू मच. बाबांचं वय बघ."

"माझं वय काय रे?" ताईने विचारलं.

"आई, तसं नाही. पण कोर्ट-केस, माझ्या सासरी कळलं तर? आणि तुला व्हिसा पाहिजे ना? केस केलीस तर मिळेल असं वाटतं तुला?"

"नाही मिळाला तर नाही."

"एवढं सगळं एका ट्रिपसाठी चाललंय, तीच सोडायला निघालीस? लॉजिक काय आहे यात?"

"तुझ्या बायकोला विचार, तुझ्या घरात लॉजिक कसं चालतं ते," ताई म्हणाली.

त्याने वळून भिंतीवर मूठ मारली. भिंतीवरचं घड्याळ हललं. माझा नवरा नकळत एक पाऊल मागे सरला होता आणि ते भाच्याने पाहिलं. त्याने स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, सोललेल्या बोटांकडे.

"बघ," ताई म्हणाली, अगदी हळू, "हात कसा जातो आपोआप."

तो निघून गेला. आठवड्याने परत आला, दारातच उभा राहिला. ताईचे कपडे आणलेले, आणि वर तिचा पासपोर्ट. कपाटाचं कुलूप तोडून काढला, एवढंच म्हणाला. ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हलला नाही.

मला वाटलं होतं की त्या दुपारनंतर ताई शांत होईल. उलट झालं. भांडी आपटायची. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तर तो त्याच्याच गाडीवर फोडला. एका भटक्या कुत्र्याने तिच्याकडे बघून दात विचकले तर ती प्लॅस्टरच्या पायाने त्याच्यावर धावून गेली. झोपेत तिचे हात उडायचे. मी शेजारी झोपायचे तर एकदा माझ्या गालावर असा बसला की दाढ हलली. प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही परत टेकडीवर जायला लागलो तेव्हा ती वाटेतल्या दगडांवर काठी मारत चालायची, नवीन काठी, ठिणग्या उडतील अशी.

"ताई, बस कर," मी एकदा म्हणाले.

ती थांबली. घाम पुसला. "तुला सांगू? मला मारताना बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकी वर्षं ते का मारायचे ते त्या दिवशी कळलं मला. कळायला नको होतं."

मी म्हणाले, "तुझं वेगळं होतं."

"कारण वेगळं होतं," ती म्हणाली. "बरं वाटणं तेच असणार." आणि पुढे चालायला लागली. या वेळी काठी तिने आडवी खांद्यावर घेतली होती.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो तेव्हा काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "काकू, करंगळी सरळ ठेवा."

"होत नाही," ताई म्हणाली. "जुनी मोडलेली आहे. वाकडीच घ्या." मुलीने वाकडीच घेतली. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "इंग्लंडच्या सरकारकडे आता तेवढा पुरावा झाला," आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी नीट हसलो.

कोर्टात भाऊजी आले ते हात गळ्यात अडकवून, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मला नमस्कार केला. मी केला नाही. त्यांच्या वकिलांनी सांगितलं की हे कुटुंब सुसंस्कृत आहे आणि गैरसमज परदेशी राहणाऱ्या भाचीने लावून दिलेला आहे. ताईच्या वकीलबाईंनी पावलाचा एक्स-रे पुढे केला. ताई उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाही. भाऊजी तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा जबडा हलत होता, दात खात होते. ती त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली. घरी त्या हलणाऱ्या जबड्यानंतर काय येतं ते तिला माहीत होतं. इथे काही आलं नाही. त्यांनी तिच्या जवळ यायचं नाही, आमच्या घरी यायचं नाही, फोन करायचा नाही, असा तात्पुरता हुकूम मिळाला. मूळ केस चालू राहणार.

आणि व्हिसा मिळाला. दोघींचाही. भाच्याने बूट पाठवले, त्याच मातकट रंगाचे. उजवा बूट मात्र संध्याकाळी पाऊल सुजल्यावर चढत नाही, म्हणून सकाळीच चालायचं असं लेकीशी बोलून ठरलं. सपाट वाटा पहिल्या आठवड्यात, कडा शेवटी. काठापर्यंत जायचं, पण लेकीचा हात धरून. यावर ताईने बरीच घासाघीस केली आणि शेवटी कबूल झाली.

आता निघायला थोडेच दिवस राहिलेत. बॅगा बाहेरच्या खोलीत पसरल्या आहेत. काल दुपारी आम्ही मेतकूट आणि चटण्यांच्या पुड्या बांधत बसलो होतो आणि ताईचा फोन वाजला. फोन करू नये असा हुकूम आहे, तरी त्यांचाच होता. तिने स्पीकरवर लावला.

"कधी निघालीस?" भाऊजींचा आवाज. तिने पुडीवर दोरा गुंडाळला. "बरं. माझ्या बीपीच्या गोळ्या सापडत नाहीत."

ताईने पुडीची गाठ दाताने घट्ट केली. "फ्रिजवर, चहाच्या डब्यामागे," म्हणाली, आणि फोन बंद केला.

मला राग आला. "कशाला सांगितलंस?"

"मरायला नकोत इतक्यात," ती म्हणाली. "केस चालायचीय अजून. चटणी दे इकडे, लसणाची."